घाबरं

नांदेड, १२ ऑगस्ट २०२४

शिवगंगे,

जय भीम. पाकीट बघून हसली असशील. हातात फोन असताना ही बाई पोस्टात तिकीट चिकटवत बसली, म्हणशील. त्याचं असं झालं, की मी कॉलेजातल्या एका मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर प्राचार्यांबद्दल दोन शब्द लिहिले. दोनच, पण निवडून काढलेले. दुपारच्या आत त्याचा फोटो बसवंत सरांच्या टेबलावर! त्यांनी ते मला सगळ्या स्टाफसमोर वाचायला लावले. तेव्हापासून मनातलं लिहायचं तर कागदावर, आणि कागद फक्त तुला. होस्टेलला तीन वर्षं एका खोलीत काढली, माझं अक्षर तेवढं तुलाच लागतं.

आमच्या नर्सिंग कॉलेजात केस स्टडी कशी होते, सांगू? मागच्या वर्षीच्या पोरींच्या फायली झेरॉक्सच्या दुकानात मिळतात. पेशंटचं नाव बदलायचं, गाव बदलायचं, झाली केस. त्यात पेशंटच्या अडचणी लिहायच्या असतात, आणि प्रत्येक फायलीत एक अडचण ठरलेली असते: ‘अँग्झायटी, दवाखान्यात दाखल झाल्यामुळे.’ त्यावर उपाय: ‘धीर दिला.’ परवा एका पोरीनं हीच अडचण बेशुद्ध म्हाताऱ्याला लावली होती. दुसरीनं दोन दिवसांच्या बाळाला. बाळाला धीर कसा दिलास गं, असं मी विचारलं, तर म्हणते, “मॅडम, सगळ्यांनीच तसं लिव्हलंय.”

मी ठरवलंय, हे बंद. यंदा थर्ड इयरला मी केस एकदम सांगणार नाही. थोडी सांगायची, थांबायचं आणि विचारायचं: आता काय बघशील? का? मग पुढं? पोरींना डोकं आहे, ते वापरायची सवय नाही एवढंच. मला खऱ्या केसेस हव्यात, पुस्तकातल्या नकोत. तुझ्या वॉर्डातल्या दे.

दाजींची तब्येत कशी आहे?

मनिषा


लातूर, २८ ऑगस्ट

मने,

शरणु शरणार्थी. पत्र वाचायला दोन दिवस लागले, अक्षर अजून तसंच आहे, मुंग्यांची वरात.

नागप्पांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे, आमच्याच दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर. खाली माझा बाळंतिणींचा वॉर्ड. ड्युटी संपली की वर जाते, त्यांच्याजवळ बसते. ते म्हणतात, तुझा नवरा आणि तुझी नोकरी एकाच लिफ्टनं गाठता येते, नशीबवान आहेस. त्यांची विनोदाची खोड जात नाही.

केस पाहिजे ना? घे. निलंग्याकडची बाई, तिसरी खेप, डोकं दुखतंय म्हणत आली. पाय सुजलेले. घरचे म्हणाले, उन्हात बसून आली म्हणून दुखतंय. आता विचार तुझ्या पोरींना, काय बघशील म्हणून. बीपी म्हणतील त्या हुशार. डोळ्यांसमोर अंधारी येते का असं विचारीन म्हणेल, तिला माझ्याकडं पाठव.

एक सांगते, राग मानू नको. विचार करायला शिकवतेस ते चांगलंच आहे. पण केलेला विचार कुणाला आणि कसा सांगायचा, तेही शिकव. आमच्याकडं डॉक्टरला ‘सर, मला वाटतं’ असं म्हणालेली सिस्टर मी एकच पाहिली, ती आता घरी लोणची घालते. आपण म्हणायचं, ‘सर, जरा बघता का.’ एवढंच. बाकी त्यांना सुचल्यासारखं दिसलं पाहिजे.

शिवगंगा


नांदेड, २१ ऑक्टोबर

शिवे,

तुझ्या निलंग्याच्या बाईनं माझा वर्ग जागा केला! अंधारीचं एका पोरीनं सांगितलं. वर्षाराणी नाव तिचं. नायगावजवळच्या खेड्यातली, बाप सटवाजी शेती करतो, आई कस्तुराबाई. दोन वेण्या, मोठा आवाज, आणि प्रश्न विचारायला लागली की थांबत नाही. मी ‘का’ विचारते, ती उलट मलाच ‘का’ विचारते. एकदा तर तासभर मीच विद्यार्थिनी झाले होते. खरं सांगते, बारा वर्षं शिकवतेय, पण शिकवल्यासारखं यंदा पहिल्यांदा वाटतंय.

परवाचा तास तुला सांगायलाच पाहिजे. मी म्हटलं, पेशंट म्हणते, ‘सिस्टर, मला घाबरं व्हायलंय.’ काय लिहाल? सगळ्या पोरी एका सुरात, ‘अँग्झायटी!’ मी म्हटलं, घरी तुमची आजी असं म्हणाली तर तिला भीती वाटतीय असं समजता का? मग वर्षाराणी उठली. म्हणाली, “न्हाई मॅडम. भ्यालं तर आमच्याकडं ‘भेव वाटायलंय’ म्हणतेत. घाबरं व्हायलंय म्हणजे जीव आत कोंडायलाय. श्वास पुरंना, छाती धडधडायली, काय व्हायलंय ते सांगता येईना, असं.” मी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘घाबरं’ लिहिलं आणि खाली विचारलं, मग काय बघाल? नाडी, श्वास, हातपाय गार आहेत का, रक्त कुठं जातंय का, अशी भराभर उत्तरं आली. आपल्या बायका अख्खं निदान एका शब्दात सांगतात आणि आपण त्याचं इंग्रजी करून त्यांना भित्रं ठरवतो. तू पण फायलीत हेच लिहीत आलीस आणि मी पण.

आता काम. डिसेंबरात आमच्या चार पोरींचं बाळंतपणाचं पोस्टिंग तुमच्या दवाखान्यात करून घेतलंय. बसवंत सरांच्या किती मिनतवाऱ्या केल्या ते विचारू नको. वर्षाराणी त्यात आहे. तिला तुझ्या पदरात घालते. ती कुठं तरी चांगली नर्स होणार आहे, शिवे, आणि ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. दुसरं काही मागत नाही.

मनिषा


लातूर, १९ डिसेंबर

मने,

तुझं पार्सल पोचलं. तिघी गरीब गायी, चौथी तुझी. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, बाळंतिणीची नाडी आपण मोजतो का नुसती लिहितो? सगळ्या स्टाफसमोर! मी म्हटलं, बाई, तू मोज, मी लिहिते. तेव्हापासून ती खरंच मोजत फिरते, आणि सगळ्यांच्या नाडीचा आकडा सारखा कसा, असं विचारायचं तिनं अजून तरी माझ्यावर उपकार म्हणून टाळलंय.

गुणाची आहे. बायका तिच्याशी बोलतात. माझ्याशी नाही बोलत इतकं. पण डॉक्टर वैतागलेत. राऊंडला तिनं मधेच तोंड घातलं, तर म्हणाले, “या मॅडमना माझी खुर्ची द्या.” मी तिला बाजूला घेऊन समजावलं, काही वाटलं तर आधी मला सांग, मी बघते पुढं काय करायचं ते. मान डोलावली तिनं.

मागच्या आठवड्यात मीच तोंडघशी पडले. एका बाईला घाबरं व्हायलंय म्हणून मी डॉक्टरांना ओपीडीतून उठवून आणलं. तुझ्या त्या फळ्याचा परिणाम. निघाला गॅस. नातेवाइकांसमोर ते ओरडले, “सिस्टर, घाबरलेल्या बायकांसाठी मला बोलवत जाऊ नका.” वीस वर्षांची नोकरी आहे माझी, आणि झाडूवाली मावशी मला पाणी आणून देते, अशी माझी अवस्था. जाऊ दे.

नागप्पा बरे आहेत. वर्षाराणी कधी कधी वर जाऊन त्यांच्याशी गप्पा मारते. मोठी सिस्टर झालीस की हिचा राग माझ्यावर काढू नको, असं ते तिला सांगतात.

शिवगंगा


लातूर, ९ जानेवारी २०२५

मनिषा,

घाईत लिहिते. वॉर्डात वाईट झालं. जळकोट तालुक्यातली उज्वला म्हणून बाई, दुसरं बाळंतपण, सकाळी नीट मोकळी झाली, मुलगी झाली. दुपारी गेली. आतल्या आत रक्त साठत होतं, बाहेर थेंब नाही. नातेवाइकांनी काचा फोडल्या, पोलीस आले. मी ठीक आहे.

वर्षाराणी तिच्याजवळ बसलेली होती. बाईची तब्येत उतरतेय हे तिनं वेळेत कळवलं नाही असं सगळ्यांचं म्हणणं पडतंय. आता चौकशी बसेल. डॉक्टर म्हणतात, पोरगी शिकाऊ आहे, तिनं चूक झाली असं लिहून दिलं तर प्रकरण कॉलेजातच मिटेल, समज देऊन सोडतील. पोलिसांपर्यंत जाणार नाही. तू तिला नीट समजाव. तुझं ऐकेल ती. पोरींना उद्याच्या गाडीनं परत पाठवते.

शिवगंगा


नांदेड, १७ जानेवारी

शिवे,

तुझे उपकार कसे फेडू? तू होतीस म्हणून पोरगी पोलीस स्टेशनापासून वाचली.

पण मी तिला खूप बोलले. माझा जीव जळला गं. जिच्यावर मी एवढी मदार ठेवली तिनंच बाईजवळ बसून बघत राहावं? मी म्हटलं, वर्गात तोंड चालतं, वॉर्डात का नाही चाललं? तिनं सगळं ऐकून घेतलं. माफीनामा मीच लिहिला. ‘माझ्या लक्षात आले नाही’ असं लिहिणार होते, मग वाटलं, तसं लिहिलं तर पोरीला काही येत नाही असं दिसेल, परीक्षेला नडेल. म्हणून लिहिलं, ‘पेशंटची प्रकृती बिघडत असल्याचे माझ्या लक्षात आले होते, परंतु मी ते वेळेत कळविले नाही.’ निदान लक्षात आलं होतं एवढं तरी कागदावर राहील.

सही करायच्या आधी तिनं विचारलं, “मॅडम, हे शिवगंगा सिस्टरनी सांगितलंय का?” मी म्हटलं, हो, तुझ्या भल्यासाठीच. तिनं माझ्याकडं बघितलं आणि सही केली. कागद बसवंत सरांकडं दिलाय.

तू जेवत जा वेळेवर. तुझ्यावर काय गुदरलं असेल ते मला कळतं.

मनिषा


नांदेड, ३० जानेवारी

शिवगंगा,

तुझं उत्तर आलं नाही. का आलं नाही ते मला काल कळलं.

पोस्टिंग संपलं की प्रत्येक पोरीला एक केस द्यावी लागते. वर्षाराणीनं उज्वलाची केस निवडली. मला राग आला, पण म्हटलं बघू. माझ्या खोलीत तिला समोर बसवलं आणि वर्गात विचारते तसं विचारत गेले. मी तुला ते जसंच्या तसं लिहिते. माझ्याजवळ दुसरे शब्द नाहीत.

“काय दिसलं?”

“पॅड कोरडा होता मॅडम. बीपी चांगलं होतं. पण नाडी पळायली होती. पाणी मागायली होती सारखी. हात गार.”

“ती काय म्हणत होती?”

“संडासला लागल्यावानी वाटायलंय म्हणली, खाली लई दाब यायलाय म्हणली. आन् घाबरं व्हायलंय म्हणली.”

“मग तुला काय वाटलं?”

“रगत बाहेर यीना म्हणजे जाईना असं न्हाई. टाक्याच्या आत साठायलंय असं वाटलं. तरण्या बाईचं बीपी शेवटपर्यंत टिकतं, तुम्हीच सांगितलेलं.”

“मग पुढं?”

तिनं फाईल मिटली. मी परत विचारलं, मग पुढं काय केलंस? सवयीनं विचारलं गं. वर्गात हाच प्रश्न सगळ्यात सोपा असतो.

“सिस्टरकडं गेले. सिस्टर म्हणल्या, घाबरलीय ती, आन् तू पण घाबरलीस, जा धीर दे. मी परत गेले. नाडी आजून वाढली होती. मी परत सिस्टरकडं गेले. सिस्टर म्हणल्या, डॉक्टर ऑपरेशनला हायेत, मी त्या एका शब्दासाठी आता त्यांना बोलवणार न्हाई, तू बस तिच्याजवळ. मग मी बसले. मॅडम, ती मला म्हणायली होती, मी मरायले, पोरीला बघा. आन् मी तिला म्हणत होते, काही व्हत न्हाई, घाबरू नगा. मला कळत होतं आन् मी धीर देत होते.”

आधी का नाही सांगितलंस, असं मी ओरडले तिच्यावर. ती म्हणाली, “तुम्ही मैत्रिणी हाव. मला वाटलं तुम्हाला सगळं म्हायती हाय.”

मी तिला वाटेल ते बोलले होते, शिवगंगा. सहीसुद्धा मीच घेतली, तिच्या हातात पेन देऊन.

आता मला तुझ्याकडून एक वाक्य पाहिजे. ‘तिनं मला सांगितलं होतं.’ बस. बाकी काही कबूल करू नको, डॉक्टरांचं नाव घेऊ नको, चार्टवर काय लिहिलंस ते सांगू नको. चौकशी समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. ती बुडत चाललीय आणि ते वाक्य फक्त तुझ्याजवळ आहे.

मनिषा


लातूर, १४ फेब्रुवारी

मनिषा,

तिनं सांगितलं होतं. तुझ्यापाशी नाकारत नाही. मी चार्टवर लिहिलं, ‘पेशंट अँक्शस, धीर दिला.’ तासाभरानं ती बाई पांढरी पडली तेव्हा मीच पहिली धावले. माझे हात अजून तिच्या पोटावर आहेत असं मला वाटतं.

पण ते वाक्य मी समितीपुढं बोलू शकत नाही. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, पोरगी किंवा तुम्ही, दोघींतली एक जाणार. मी गेले तर त्याच दिवशी नागप्पांचं तिसऱ्या मजल्यावरचं बेड जाईल. दुसरीकडं नंबर लागायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे, आणि ते तेवढे थांबू शकत नाहीत हेही माहीत आहे. पोरीचं एक वर्ष जाईल, फार तर दोन. ती लहान आहे, परत उभी राहील. माझा माणूस परत उभा राहणार नाही. मी रोज हाच हिशेब मांडते आणि रोज उत्तर तेच येतं.

तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, हे मला लिहू नको. तू काय लिहिशील ते मला पाठ आहे. तू नेहमी वर्गात असतेस, मनिषा. वर्गात कुणी मरत नाही.

मला शिव्या दे, पण पत्र बंद करू नको.

शिवगंगा


नांदेड, १ एप्रिल

शिवगंगा,

समितीचं काय झालं ते तुला दवाखान्यातून कळलंच असेल. तरी लिहिते, कारण तुला कळलेलं आणि घडलेलं यांत फरक असेल.

तिची केस त्यांनी वाचायला मागितली. मला बरं वाटलं होतं, मूर्ख मी. वाटलं, वाचतील तर कळेल त्यांना पोरगी काय दर्जाची आहे. तिनं त्यात सगळं लिहिलं होतं, नाडी का वाढते, बीपी का फसवतं, पॅड कोरडा असून का भुलायचं नाही. बारा वर्षांत अशी केस माझ्या हाती आली नव्हती. तुझ्याकडं दोनदा गेल्याचंही होतं, पण दवाखान्याचा माणूस म्हणाला, त्याला साक्षीदार नाही. आणि मग माझा माफीनामा काढला. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, “बघा. या मुलीला सगळं कळत होतं. डॉक्टरपेक्षा आधी कळलं होतं. आणि ती गप्प बसली. न कळून चूक होणं वेगळं. ही कळून गप्प बसली.”

तिच्याबरोबरच्या तिघींच्याही केसेस त्यांनी चाळल्या. त्याच वॉर्डातल्या, त्याच दिवसांतल्या. तिघींनी झेरॉक्सवरून उतरवलेल्या. अँग्झायटी, धीर दिला. त्यांना कुणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यांत काही नव्हतंच. एक जण तर म्हणाला, या फायली व्यवस्थित आहेत.

मी उभी राहिले. म्हटलं, माफीनामा मी लिहिला, ते शब्द माझे आहेत, तिचे नाहीत. बसवंत सर म्हणाले, “मॅडम, तुमच्यावर आधीच एक प्रकरण आहे. व्हॉट्सअ‍ॅपचं विसरलात का? बसा.” मी बसले, शिवगंगा. तुला नावं ठेवायचा माझा हक्क त्या खुर्चीत गेला, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

तिला काढून टाकलं. शेऱ्यासकट. हा शेरा असताना दुसरं कुठलं कॉलेज तिला घेणार नाही. एक-दोन वर्षांचा प्रश्न नाही हा, तुझा हिशेब तिथं चुकला. सटवाजी तिची पेटी न्यायला आले होते. त्यांनी मला हात जोडले. म्हणाले, “मॅडम, तुमी लई जीव लावला पोरीला. तिचंच नशीब.” मला तिथंच मरून जावंसं वाटलं.

पत्र बंद करू नको म्हणालीस. मला आता तुला लिहायला काही सुचत नाही.

मनिषा


लातूर, २५ ऑगस्ट

मनिषा,

नागप्पा गेले. जुलैमध्ये. फार त्रास झाला नाही. कळवायला मन झालं नाही, तूही लिहिलं नाहीस.

दिवस झाल्यावर मी कामावर गेले आणि राजीनामा दिला. त्याच दिवशी तुमच्या समितीला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. ती दोनदा आली होती, मी काय म्हणाले, चार्टवर काय लिहिलं, डॉक्टर काय म्हणाले होते, काही ठेवलं नाही. सही करून अंगठासुद्धा उमटवला, का कुणास ठाऊक. मला वाटलं होतं, आता कुणाला भ्यायचं कारण उरलं नाही तर खरं बोलणं सोपं जाईल. सोपं नाही गेलं. नागप्पांना सोडून बोलल्यासारखं वाटलं.

समितीचं उत्तर काल आलं, एक ओळ. ‘सदर प्रकरण निकाली काढण्यात आले असून त्यावर पुनर्विचार करता येत नाही.’ मी नांदेडला येऊन त्यांच्या दारात बसायला तयार आहे, तू सांग.

मला वर्षाराणीच्या गावाचा पत्ता दे. मला तिला भेटायचंय. ती काय म्हणेल ते ऐकून घ्यायचंय. किंवा तू जाशील तर माझं पत्र तिला वाचून दाखव. तिनं बरोबर ओळखलं होतं, एवढं तरी तिला माझ्या तोंडून कळू दे.

शिवगंगा


नांदेड, १६ सप्टेंबर

शिवे,

दाजींचं वाचलं. मी यायला हवं होतं.

समितीच्या दारात बसून उपयोग नाही. माझी सगळी दारं वाजवून झाली. बसवंत सरांनी तुझं पत्र मला दाखवलं आणि म्हणाले, या बाईंचा नवरा वारलाय, मनःस्थिती ठीक नसेल. घाबरल्या असतील.

वर्षाराणीच्या गावाला रविवारी जाऊन आले. कस्तुराबाईंनी दारातच सांगितलं, “पोरगी बोलंना झालीय मॅडम. कामाला वाघ हाय, पन बोलंना.” तिच्यासाठी स्थळ बघतायत. नर्सिंगचं कुणाला सांगत नाहीत. वर्षाराणी पडवीत मूग पाखडत बसली होती. एकच वेणी घातलेली. उठली, पाया पडली, परत बसली.

तुझं पत्र वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती सूप चालवत राहिली. संपल्यावर म्हणाली, “दाजी लई हसवायचे मला.” तेवढंच. तुझ्यावर रागावली आहे का, असं विचारलं तर नाही म्हणून मान हलवली. मला वाटतं, रागसुद्धा आता तिच्यात नाही. असता तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात शेजारची सरजाबाई आली, कडेवर नातू घेऊन, मीठ मागायला. पोराला सर्दी आहे म्हणाली, रात्रभर किरकिर करत होतं. कस्तुराबाई मीठ आणायला आत गेल्या, सरजाबाई माझ्याशी बोलत उभी राहिली, कुठल्या तुम्ही, कुणाच्या कोण. बराच वेळ झाला असेल. मग पोरानं मान टाकल्यासारखं केलं आणि माझं लक्ष गेलं. अंगडं वर केलं तर श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत होता. मी ओरडलेच. सटवाजींनी गाडी काढली, आजी-नातवाला दवाखान्यात नेलं. पोरगं वाचलं, संध्याकाळी फोन आला. न्यूमोनिया होता, वेळेत आणलं म्हणाले.

सगळे गेल्यावर अंगणात आम्ही दोघीच उरलो. ती मूग पाखडतच होती. मी म्हटलं, वर्षा, तुझं लक्ष गेलं नाही?

ती म्हणाली, “गेलं की मॅडम. बाई दारातून आत येत होती तवाच गेलं. नाकपुड्या फुलायल्या होत्या पोराच्या. तुम्ही बोलत हुता तवर मी श्वास मोजला.”

“आणि सांगितलं नाहीस?”

“न्हाई.”

मग तिनं पहिल्यांदा सूप खाली ठेवलं. रडली नाही. चिडलीही नाही. वर्गात शंका विचारायची तशी विचारलं तिनं मला. म्हणाली, “मॅडम, मी लई प्रयत्न करायले, पन दिसायचं बंदच होईना. सांगायचं बंद झालं. दिसायचं कसं बंद करावं, तेवढं शिकवा.”

शिवे, तुला उत्तर येत असेल तर कळव.

मनिषा